दहाव्या दिवशी काय करायचं? दुःखावरची ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसताना

सुरुवात शेवटापासून करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. नवरा प्लेगने गेलेली बाई, तीनशे पानं रडते, मग एका रविवारी उपासनेला जाते, पाळक एक वचन वाचतात, खिडकीतून ऊन आत येतं, तिला शांती मिळते, पुस्तक संपलं. माझ्या पहिल्या ड्राफ्टात हुबेहूब हेच होतं, ऊनसुद्धा. आमच्या मंडळीत एक आजी आहेत, स्वतःची दोन मुलं पुरलेली बाई. त्यांना वाचायला दिलं तर आठवड्याने वही परत करताना एवढंच म्हणाल्या, "छान लिहिलंयस रे, पण हिला फार लवकर बरं वाटलं."

मी त्या दिवशी जरा चिडलोच होतो. पण त्या बरोबर होत्या, आणि तेव्हापासून तीच कादंबरी उसवतोय आणि परत शिवतोय, त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. माझी गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसांची आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची, पुणे-नगरकडची, तेव्हा सगळं त्याच अंगाने सांगणार. तुमचा काळ वेगळा असेल तर तपशील तुमचे तुम्ही शोधा, अडचणी बहुतेक याच येतील.

आधी साल ठरवा, "जुन्या काळी" चालणार नाही

जुना काळ नावाचं काही नसतं. साल पाहिजे, शक्यतो महिनासुद्धा पाहिजे. आपल्याकडे दुःखाची सालं काही कमी नाहीत, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आहे, १८९६ पासूनचा प्लेग आहे, १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आहे (संवत १९५६ म्हणून छप्पन), १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आहे. पण यातलं प्रत्येक मरण वेगळं, हे लक्षात घ्या. दुष्काळात माणूस हळूहळू जातो आणि मागे राहिलेल्याला आयुष्यभर एकच हिशोब छळतो, की शेवटची भाकरी कुणी खाल्ली. मानमोडीत घरातले सगळे एकदमच अंथरुणाला, खांदा द्यायलाही कुणी उभं नाही. आणि प्लेगमध्ये तर सकाळी बोलत असलेलं माणूस दोन-चार दिवसांत नाही, वर कधीकधी ते शेवटचं दिसतही नाही, कारण त्याला उचलून नेलेलं असतं. म्हणजे साल बदललं की नुसता देखावा नाही बदलत, रडणंच बदलतं.

मी प्लेग घेतला. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी तो ओळखला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात हाहाकार झाला, १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा आला, रँडसाहेबाची कमिटी आली, सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले, माणसं दवाखान्यात आणि सेग्रिगेशन कॅम्पात नेली, सामान जाळलं, भिंतींना चुना फासला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि ३ जुलैला तो मेला. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या पेशंटची सेवा करता करता गेल्या. हे सगळं शाळेत वाचलेलं असतं. पण तुमच्या कॅरेक्टरला ते शाळेत कळलेलं नसतं ना, तिला फक्त एवढंच कळतं की उंदीर मरायला लागलेत आणि शेजारच्या घराला कुलूप आहे.

इथे एक हमखास पाय घसरण्याची जागा आहे. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं आणि लोकांना ते पटायला आणखी कितीतरी वर्षं गेली. म्हणजे १८९७ मधल्या तुमच्या नर्सने पिसवा झटकत फिरू नये. हवा, घाण, ओल, कपडे, देवाचा कोप, तिच्या डोक्यात हेच असणार. आणि बोलताना ती "प्लेग" म्हणेल तितक्याच वेळा "गाठीचा ताप" म्हणेल. हाफकिनची लस जानेवारी १८९७ मध्येच मुंबईत तयार झाली होती, पण तयार होणं आणि गल्लीतल्या माणसाने ती टोचून घेणं यात केवढं अंतर असतं ते आपण आत्ताच काही वर्षांपूर्वी पाहिलंय.

मग माणूस ठरवा, आणि तो कुठल्या देवळात जातो तेही

"ख्रिस्ती कुटुंब" एवढं लिहून भागत नाही. वसईकडचं कॅथलिक घर असेल तर त्यांचा ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज काळातला, वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली, म्हणजे १८९७ पर्यंत त्या घरात पिढ्यान् पिढ्या फादर, मिस्सा, रोझरी चालू आहे. त्यांच्याकडे मेलेल्यासाठी प्रार्थना आहे, त्याच्या नावाने मिस्सा आहे, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती आहे. दुःखी माणसाच्या हाताला काम आहे. (मुंबईच्या ख्रिस्ती लोकांना "ईस्ट इंडियन" म्हणायचं असेल तर ते नाव १८८७ चं आहे, त्याआधीच्या सीनमध्ये घालू नका.)

नगरकडचं अमेरिकन मिशनचं घर असेल तर गोष्टच वेगळी. मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले, नगरला ठाणं पडलं १८३१ मध्ये, तेव्हा १८९७ ला फार तर दुसरी-तिसरी पिढी. आणि ते प्रोटेस्टंट. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नाही, त्याचा हिशोब देवाजवळ झाला. सिद्धांत म्हणून हे एका ओळीत सांगून होतं, पण ज्या बाईचा मुलगा गेलाय तिला रात्री हात जोडल्यावर त्याचं नाव ओठावर येतं आणि ते गिळावं लागतं. मला विचाराल तर इथे अख्खा चॅप्टर आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी स्वतः उशिरा शिकलो. आपली हिरॉइन आपोआप ब्राह्मण होते, कारण वाचायला मिळतं ते बहुतेक त्यांनी लिहिलेलं. पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये महार आणि मांग घरांतून आलेली माणसं किती मोठ्या संख्येने होती ते विसरून काळ उभा राहतच नाही. त्यांचं दुःखही निराळं चालतं. ब्राह्मण घरातून आलेल्याला दहनाऐवजी दफन हाच मोठा धक्का असतो, उलट गावकुसाबाहेरच्या कित्येक घरांत पुरायची चाल आधीपासूनच होती, तिथे धक्का वेगळ्या जागी बसेल, कबरस्थानात जागा कुठे मिळाली, खांद्याला कोण आलं, कोण नाही आलं. देवळात एका बाकावर बसणारी माणसं कबरीशी एकत्र उभी राहिली का, हे लिहायचं टाळू नका. मी पहिल्यांदा टाळलं होतं.

रिकामा दहावा दिवस

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाचं दुःख दुप्पट असतं असं आपण सहज लिहून जातो, पण दुप्पट म्हणजे नेमकं काय?

समजा १८९३ मध्ये नवरा-बायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी सासरच्यांनी दोघांच्या नावाने आंघोळ केली. म्हणजे त्या घरापुरता मुलगा चार वर्षांपूर्वीच मेला, रडून झालं, सुतक फिटलं. आता १८९७ मध्ये तो खरोखर मेलाय आणि ही बाई कुणाला कळवणार? कळवलं तरी ते म्हणणार, आमचा कधीच गेला. तिचं दुःख ऐकायला जे घर पाहिजे त्यांचं दुःख शिळं झालंय.

आणि मग दहावा दिवस येतो. तिला लहानपणापासून माहितेय दहाव्याला काय होतं, नदीकाठ, पिंड, सगळे गप्प उभे, कावळा शिवतो की नाही, नाही शिवला तर कुणीतरी पुढे होऊन "मी पोरांचं बघतो" असं कबूल करायचं. त्याच्यावर तिचा आता विश्वास नाही, तिने विचार करून सोडलंय ते. पण दिवस तर उगवलाच. आणि त्या दिवशी तिला करायला काही नाही. पाळक दफनाच्या दिवशी प्रार्थना करून गेले, मंडळीतल्या बायका दोन संध्याकाळी येऊन गायन करून गेल्या, नव्या धर्माने जे द्यायचं ते तिसऱ्या दिवशीच देऊन झालं. दहाव्याला ती भात लावते, खिडकीत उभी राहते, कावळा येतो, आणि ती त्याला हाकलते का घास टाकते?

हे मी ठरवून देणार नाही, तुमच्या बाईला विचारा. पण कादंबरीत हा सीन नसेल तर बाकीचं सगळं संशोधन कपाटात ठेवलं तरी चालेल असं माझं मत आहे. इथेच इतिहास, धर्म आणि दुःख एकाच ताटात येतात, आणि इथे एकाही वचनाची गरज नसते. घास टाकला तर तिला अपराधी वाटू द्या, हाकलला तरी वाटू द्या.

याला जोडूनच कुंकू, बांगड्या, केशवपन. ख्रिस्ती विधवेने काय ठेवलं, काय काढलं हे घरागणिक आणि जातीगणिक वेगळं असणार, त्यामुळे "ख्रिस्ती झाल्यामुळे ती मुक्त झाली" असं एका वाक्यात उरकू नका. मिशन कंपाउंडमध्ये कुणी बोलणार नाही कदाचित, पण आरशासमोर हात कुठे थांबतो ते बघा.

शेजारी, सोल्जर, साहेब

प्लेगच्या पुण्यात ख्रिस्ती कॅरेक्टर ठेवलं की एक गाठ आपोआप बसते, ती सोडवायच्या भानगडीत पडू नका. घरात घुसणारा सोल्जर ख्रिस्ती, उपासनेला पुढच्या बाकावर बसणारा साहेब ख्रिस्ती, आणि ही बाईही ख्रिस्ती. गल्लीला ती त्यांच्यातली वाटते. त्यांना ती गल्लीतली वाटते. तिच्या नवऱ्याला जेव्हा कॅम्पात नेतात तेव्हा शेजारीण दारात उभी राहून काय म्हणते? तिचा देवावरचा राग आणि सरकारवरचा राग वेगळा काढता येतो का? माझ्या मते येत नाही, आणि बरीच पानं येऊही देऊ नये.

"पोटासाठी बाटले" हा टोमणा कादंबरीत आलाच पाहिजे, विशेषतः दुष्काळाची गोष्ट असेल तर. मिशनने अनाथ पोरं घेतली, जेवू घातलं, शिकवलं, आणि ती ख्रिस्ती वाढली. यातलं प्रेम किती आणि बाकी काय किती, हे लेखकाने कोर्टासारखं ठरवू नये, पात्रांना भांडू द्यावं. मिशनरी बाई देवदूतही नको आणि कपटी मडमही नको. त्या लोकांनीही इथे आपली पोरं पुरलेली आहेत, जुन्या कबरस्थानात फिरलात तर लहान लहान कबरी दिसतात, नाव, तारीख आणि वय महिन्यांत. माझ्या गोष्टीत मडम आणि ही बाई यांचं धड कधी जमत नाही, पण एकदा दोघी गवत काढायला एकाच सकाळी कबरस्थानात भेटतात आणि काही न बोलता आपापल्या कबरीचं गवत काढतात. बस, तेवढंच.

आणि उलट बाजूने, हिंदू नातेवाईकांना खलनायक करू नका. ज्या सासूने नावाने आंघोळ केली तिनेही मुलगाच गमावलाय, दोनदा. तिला एक चॅप्टर द्या, तिच्या बाजूने लिहून बघा, छापायचा नसेल तर नका छापू.

कायदा, पोस्ट, रेल्वे, घड्याळ

हे भराभर, कारण हे पुस्तकात मिळतं. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नव्हता, म्हणजे कायद्याने ती मागू शकते, प्रत्यक्षात दारात उभं करतील का हा प्रश्न वेगळा. १८६६ चा एक कायदा होता, धर्म बदललेल्या माणसाला जोडीदाराने त्यामुळे टाकलं तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येई, पण कोर्ट आधी वर्षभर थांबायला लावे. मला तर त्या एका वर्षातच स्वतंत्र कादंबरी दिसते. ख्रिस्ती लग्नाचा कायदा १८७२ चा.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पोस्टकार्ड १८७९ पासून, पाव आण्याला. आणि कार्डावरून आठवलं, मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडायची आपल्याकडे चाल होती. कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनच्या हातात लांबूनच दिसतं, वाचायच्या आधीच पोटात गोळा. संवाद लिहायची गरजच नाही.

घरगुती पत्र मोडीत, छापलेलं बायबल बाळबोधीत. मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी बाळबोध वाचते पण बापाने लिहिलेलं मोडी पत्र तिला वाचता येत नाही असं धरलं तर बघा काय काय होतं. ते पत्र ती कुणाकडून तरी वाचून घेणार, आणि वाचणारा जे मोठ्याने वाचेल तेच पत्रात असेल याची खात्री काय?

नगरला रेल्वे दौंड-मनमाड लाइनमुळे १८७८ मध्ये आली, त्याआधी बैलगाडी. रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबईचं स्वतःचं घड्याळ त्याच्या अर्धा तास मागे, तेव्हा आजाऱ्याला भेटायला निघालेला भाऊ गाडी चुकवू शकतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. पण असा तपशील सापडला की तो घालायचाच असा हट्ट धरू नका, मी धरला होता आणि एक प्रकरण टाइमटेबलसारखं झालं होतं.

बोलायचं कसं

"स्वर्गवासी झाले", "कैलासवासी" हे प्रोटेस्टंट पाळकाच्या तोंडी नको. "प्रभूत निजला", "प्रभूने बोलावून घेतलं", अशी ती भाषा. मंडळी, उपासना, प्रभुभोजन, तारण, वचन, साक्ष. पण हीच बाई स्वयंपाकघरात मात्र माहेरचीच बोलते, "अगं बाई", "देवा रे", कधी चुकून जुन्या देवाचं नावही निघतं. ही दोन भाषांची खडखड जपा, सगळे सगळीकडे वचनातच बोलायला लागले की वाचक मिटवतो पुस्तक.

बायबलचं कोणतं भाषांतर वापरताय ते बघा. पंडिता रमाबाईंचं भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं, ते १८९७ च्या बाईच्या उशाशी असू शकत नाही. गाण्यांचंही तसंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांची भजनं मंडळ्यांमधून रुळली ती त्यानंतर. त्याआधी उपासनेत बरीचशी इंग्रजी चालीवर बसवलेली गीतं, आणि नगरकडे ख्रिस्ती कीर्तनंही. ज्या बाईच्या कानात अभंग मुरलाय तिला इंग्रजी चालीवर रडता येत नाही, आणि कधीतरी अचानक ओळखीच्या चालीत येशूचं नाव ऐकू येतं, यातून तुम्हाला खूप काही मिळेल. "ज्ञानोदय" हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासून निघत होतं, जुने अंक कुठे चाळायला मिळाले तर सोडू नका, भाषा कानात बसते.

खरी माणसं कादंबरीत आणायची तर लांबून. नारायण वामन टिळकांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत यायला पाच वर्षं लागली, १८९५ ते १९००, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आपली पात्रं एका रात्रीत बदलतात. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये, आणि शेवटी मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये, त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत त्या स्वतः. आणि भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. तुमच्या हिरॉइनला रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये काही दिवस ठेवा हवं तर, पण रमाबाईंच्या तोंडी तुमचे संवाद घालू नका. बाई दुरून जाताना दिसल्या एवढं पुरे.

वचन चुकीच्या माणसाने, चुकीच्या वेळी

बायबलमध्ये दुःख कसं हाताळलंय ते आधी नीट वाचा, मग आपण किती घाई करतो ते कळतं. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी ईयोबाला त्याचं का झालं हे सांगितलं जातच नाही. गुरंढोरं दुप्पट मिळतात, मुलं मात्र पूर्वी होती तितकीच, दहा. मुलं दुप्पट करून भरपाई होत नाही हे लिहिणाऱ्याला माहीत होतं की काय कोण जाणे, पण मला तो आकडा डोक्यातून जात नाही.

रूथच्या पुस्तकातली नामी, नवरा आणि मुलं गमावलेली, म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. पुस्तकात तिला कुणी असं बोलल्याबद्दल दटावत नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीशी येशूला पुढे काय होणार ते माहीत आहे, तरी तो रडतो. आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, बाकीच्या विलापांसारखं शेवटी वळण घेऊन स्तुतीकडे जात नाही. ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी खाली दोन बऱ्या ओळी जोडल्या नाहीत. तुम्हीही जोडू नका.

लिहिताना माझा नियम असा, की बरोबर वचन नेहमी चुकीच्या माणसाने चुकीच्या वेळी म्हणावं. "आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका" हे पौलाचं वाक्य दफनानंतर तासाभरात एखादी सुपातली बाई म्हणते, जिचं अजून कुणी गेलेलं नाही, आणि आपल्या बाईला ते झोंबतं. खरं तर पौल खेदच करू नका म्हणत नाहीये, पण हे तिला कळायला दीडशे पानं लागू देत, आणि कळेल तेही पाळकाकडून नाही, तर तीच झोंबणारी बाई स्वतः पोर गमावून बसते आणि आपली बाई तिच्याजवळ जाऊन काही न म्हणता बसते तेव्हा.

शांती कुठे ठेवायची

आता परत त्या आजींच्या प्रश्नाकडे. विलापगीत हे पुस्तक उघडून बघा, पाच अध्याय. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्यात आहे, पण ते शेवटी नाहीये, बरोब्बर मधल्या, तिसऱ्या अध्यायात आहे. त्याच्यानंतर परत रडणं सुरू होतं, आणि पुस्तक संपतं ते "की तू आम्हाला कायमचं टाकलंयस" अशा धाटणीच्या शंकेवर. हे कळलं तेव्हा मी माझी सगळी रचनाच मोडली. शांतीचा सीन उचलला आणि मधे नेऊन ठेवला. तिला एकदा खरोखर शांत वाटतं, साधारण निम्म्या पुस्तकात, विहिरीवर, काही कारण नसताना. आणि दुसऱ्या दिवशी ते जातं. मग उरलेली निम्मी कादंबरी ती शांती परत मिळवायची नाही, तर एकदा मिळाली होती एवढ्या आठवणीवर रोजची कामं करायची गोष्ट होते.

शांती दिसते कशात, तर फार बारीक गोष्टींत. पहिल्यांदा रात्रभर झोप लागते आणि सकाळी उठल्यावर लाज वाटते. आमटीत मीठ कमी आहे हे जाणवतं, म्हणजे तोंडाला चव आली. कुणाच्या तरी विनोदावर हसू फुटतं आणि ती तोंडावर पदर धरते. त्याचा सदरा कापून पोराला अंगरखं शिवते. यातल्या एकाही ठिकाणी "तिला शांती लाभली" असं लिहायचं नाही. तो शब्दच शोधून काढा ड्राफ्टातून, माझ्याकडे एकतीस वेळा निघाला, आता दोनदा आहे आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच माणसाच्या तोंडी.

बाप्तिस्मा हे दुःखावरचं औषध म्हणून वापरू नका, हे पण सांगून टाकतो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची "यमुनापर्यटन", १८५७ ची, ख्रिस्ती लेखकाची आणि विधवांच्या हालांवरचीच. तिचा हेतू प्रचाराचा होता आणि तो लपवलेला नव्हता, त्या काळाला ते शोभलं. आज तसं केलं तर ख्रिस्ती वाचकही वैतागतो, कारण त्याला घरचा अनुभव असतो की विश्वास असूनही माणूस वर्षानुवर्षं रडतं.

लिहायची पद्धत म्हणाल तर मी तीन वह्या ठेवल्या, एकीत तारखा, एकीत शब्द, आणि एकीत कोण मेलं, कधी, कुठे पुरलं, कोण हजर होतं. तिसरी वही सगळ्यात जास्त उपयोगी पडली, कारण दुःखाच्या गोष्टीत पात्रं मरणाचे दिवस विसरत नाहीत आणि लेखक विसरतो. रात्री लिहून सकाळी ते मोठ्याने वाचा, जिथे तुमचा आवाज आपोआप प्रवचनासारखा व्हायला लागेल तिथे लाल पेनाने रेघ मारा. आणि वाचायला द्यायचं तर ज्याचं कुणीतरी गेलंय अशा माणसाला द्या, पण विचारून, आणि अशा वेळी नको की जखम ओली आहे.

मी मागच्या महिन्यात परत त्याच आजींना वही दिली. या वेळी तीन आठवडे ठेवली. शेवटाबद्दल चकार शब्द नाही. फक्त दोन पानांचे कोपरे दुमडून ठेवले होते आणि म्हणाल्या, "अरे, त्याला गाठ आधी डाव्या काखेत होती, मग इकडे उजव्या कशी झाली?"